न उचललेली ताटं

सातपूरच्या एका कारखान्यात मी अठ्ठावीस वर्षं वायरी बांधल्या. त्यातली वीस वर्षं युनियनच्या कमिटीत होते. संपादकबाईंचा फोन आला, "ताई, तुमच्या लढ्याबद्दल लिहा, तरुण मुलींना स्फूर्ती मिळेल." म्हटलं, बाई, स्फूर्तीचं मला जमायचं नाही, झालं तसं लिहिते. "तेच तर हवंय," म्हणाल्या. आता वाचून काय म्हणतात बघू.

आधी काम सांगते, कारण आमचं काम कोणाला दिसत नाही. गाडीचं बॉनेट उघडलंत की आत काळी टेप गुंडाळलेली वायरींची जाडजूड वेणी दिसते. तिला हार्नेस म्हणतात. लोकांना वाटतं मशीनवर होत असेल. नाही हो. ती बाई घालते. दाराएवढा लाकडी बोर्ड असतो, त्यावर खुंट्या ठोकलेल्या. लाल वायर या खुंटीवरून त्या खुंटीवर, पिवळी तिच्या खालून, टोकाला कनेक्टर खटकन बसवायचा, आणि सगळ्यावर टेप. टेप ओढून ओढून उजव्या अंगठ्याचं नख वाकडं होतं. माझं अजून वाकडंच आहे. आणि हे सगळं उभ्यानं, आठ तास. पहिल्या पाळीला सकाळी सातला बोर्डासमोर हजर, आणि कंपनीची बस नाही. श्रमिकनगरातून, त्र्यंबक रोडवरून बायका पायी यायच्या. पोटुशी असली तरी पायी, पोटुशी असली तरी उभी.

आता युनियनचं. कायम कामगार तीनशेच्या वर, त्यात बायकाच जास्त. आमचे सभासद बेचाळीस. मग बाकीचे दुसऱ्या युनियनमध्ये होते का? छे. ते कोणातच नव्हते. "तुम्ही लढा ताई, आम्ही मागं आहोत," एवढं म्हणायचे. मागं म्हणजे किती मागं, ते कोणी कधी सांगितलं नाही. स्टोअरमध्ये दगडूनाना म्हणून होते. सभासद व्हा म्हटलं की हसायचे. "रत्नाबाई, आंबा लागला तर माझ्याही ताटात पडणारच आहे. मग झाडाला पाणी मी का घालू?"

राग यायचा. पण कायद्यानं नाना चूक नव्हते. तो कायदा मी कामगार ऑफिसच्या बाकड्यावर बसून, याला त्याला विचारून शिकले. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं, त्यामुळे सोप्या शब्दांत सांगते. आपल्या महाराष्ट्रात रीत अशी होती की शंभरातले तीस कामगार सहा महिने तुमचे पक्के सभासद असले की तुम्ही मान्यताप्राप्त युनियन. मग मालकाला तुमच्याशी बोलावंच लागतं. आमचे शंभरात चौदासुद्धा भरत नव्हते. म्हणजे मालकानं चहा पाजला तर त्याची मेहेरबानी. पण यात एक खिडकी होती. मालक बोलायला तयार झाला, आणि कामगार ऑफिसात सरकारी अधिकाऱ्याच्या मध्यस्थीनं करारावर सह्या झाल्या, तर तो करार सगळ्यांना लागू होतो. सभासद असो नसो. चाळीस माणसांनी बोलायचं, तीनशे माणसांना बांधून टाकायचं. आता नव्या कायद्यात निम्म्याच्या वर लागतात म्हणे. असू दे. माझं सगळं आयुष्य त्या खिडकीतून आत शिरण्यात गेलं.

तर त्या वेळी आमच्या मागण्या दोन. पहिल्या पाळीला बस, आणि बोर्डासमोर प्रत्येकीला एक स्टूल.

नवे मॅनेजर झारखंडकडून बदलून आलेले. माणूस मवाळ, कधी आवाज चढवला नाही. आमचं पत्र वाचलं, घडी केली आणि म्हणाले, "रत्नाजी, आप बयालीस लोग हैं. बयालीस लोगों की बात मैं तीन सौ पर कैसे लागू करूँ?"

मी तोंडाला येईल ते उत्तर दिलं आणि बाहेर आले. पण प्रश्न बरोबर होता. मला तो तेव्हाच कळला होता.

माझ्याबरोबर नसीम होती. तिची ओळख नीट करून देते, कारण हे सगळं लिहितेय ते तिच्यासाठीच. नसीम मालेगावची. नवऱ्याचे यंत्रमाग बंद पडले तशी दोघं नाशकात आली, तो रिक्षा चालवायचा. माझ्या शेजारच्या बोर्डवर नसीम. तिची वेणी तपासणीतून कधी परत आली नाही. मी कायद्याचं पुस्तक वाचायला लागले की ती जेवणाच्या सुट्टीत समोर बसायची. "पढ ना, जोरात पढ. मला वाचता येतं पण तुझ्या तोंडून ऐकलं की खरं वाटतं." आमच्या कमिटीत पाच जणं, आम्ही दोघी आणि तीन पुरुष. घाबरत नसे ती एकटी.

त्या दिवशी जिना उतरताना ती म्हणाली, "साहेबाला माणसं दाखवायची ना? दाखवू."

"कशी? गेटमीटिंगला पन्नास येत नाहीत."

"मीटिंगला नाही येणार. पण गं, न जेवायला काय हिंमत लागते?"

कॅन्टीनमध्ये स्टीलच्या ताटांची चळत असायची. आपण आपलं ताट उचलायचं, पुढं वाढप्यासमोर धरायचं. नसीमचं म्हणणं असं की एक दिवस कोणी ताट उचलायचं नाही. काम बंद नाही, घोषणा नाही. कंपनी माणसाला जेवायची सक्ती थोडीच करू शकते! सुट्टी संपल्यावर चळत जेवढीच्या तेवढी दिसली की साहेबाला आकडा कळेल. ज्यांना सभासद व्हायची भीती वाटते त्यांनासुद्धा एवढं जमेल.

कल्पना नसीमची. तारीख मी काढली.

इथं मी थोडी थांबते. आजवर हे मी कोणाला लिहून दिलेलं नाही.

मला माहीत होतं की बायका 'हो ताई, हो ताई' म्हणतील आणि बाराच्या ठोक्याला भूक लागली की ताट उचलतील. त्यांचा दोष नाही. चार वाजता उठून घरचं सगळं करून आलेली बाई, तिला पातळ डाळीचाही वास आला की पाय वळतात. घरी भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभी राहिले. पुढच्या महिन्यात मंगळवारी चतुर्थी येत होती. अंगारकी. आमच्या लाइनवर एरवी संकष्टी न करणारी बाईसुद्धा अंगारकी सोडत नसे. पुरुषसुद्धा धरायचे. साहेब बाहेरचे, कॅन्टीनचा ठेकेदार महिन्याभरापूर्वी आलेला केरळी. त्यांच्या डोक्यात हे येणार नव्हतं.

कमिटीत मी म्हटलं, "तेरा तारखेला करू." तिघे पुरुष माझ्याकडे बघत राहिले. तिघांच्याही घरी उपास असायचा. एकानं मिशीवरून हात फिरवला. नसीम म्हणाली, "तेरा तर तेरा." तिला कोण सांगणार होतं? मीच सांगायला हवं होतं. पण ती बोर्डाबोर्डावर जाऊन बायकांना समजावत होती, डोळ्यांत डोळे घालून. मनात आलं, हिला खरं सांगितलं तर हिच्या आवाजातला जोर जाईल. तिच्या जोरावरच तर सगळं चाललं होतं. नाही सांगितलं.

त्या दिवशी मी नसीमला कॅन्टीनच्या दाराशी उभं केलं, मोजायला. आणि बायकांना मीच सांगितलं की कॅन्टीनकडे फिरकायचंसुद्धा नाही, मागच्या शेडखाली बसा. तिथं डबे उघडले. साबुदाणा, रताळी, वरीचे तांदूळ. नसीम दाराशी आणि खिचडी शेडमागं. मधे आख्खी इमारत. मी अशी व्यवस्था केली होती, बघा. एवढी व्यवस्था करता येणारी बाई मूर्ख नसते, हे तुम्हीही जाणता.

सुट्टी संपली. नसीम धावत आली. "रत्ना! एकवीस! फक्त एकवीस ताटं उचलली! बाकी सगळी चळत तशीच!" तिनं माझे दोन्ही खांदे धरले. "बघ, म्हणत होतीस ना कोणी येणार नाही म्हणून? सगळ्या आपल्या आहेत. सगळ्या!" मला तिनं मिठीच मारली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

त्यातल्या किती आमच्यासाठी जेवल्या नाहीत आणि किती गणपतीसाठी, ते देवालाच ठाऊक. थोड्या तरी आमच्यासाठी असतील असं मी स्वतःला सांगत आले.

साहेब घाबरले. वरून फोन आला असणार. आठ दिवसांत बोलणी सुरू झाली. त्या खोलीत मी टेबलाच्या अलीकडे बसायचे ती तीनशे माणसांची पुढारीण म्हणून. खोटं कशाला बोलू, बसताना पाठ ताठ व्हायची. तीन बैठकांत बस मिळाली, पगारात थोडी वाढ मिळाली, आणि स्टूल. कामगार ऑफिसात सह्या झाल्या. गेटवर पेढे वाटले. दगडूनानांनी दोन उचलले. "म्हटलं नव्हतं, आंबा पडेल म्हणून?" मग जवळ येऊन हळूच म्हणाले, "तारीख लय भारी काढली हां, रत्नाबाई."

म्हणजे म्हाताऱ्याला कळलं होतं. कळायलाच हवं होतं, त्याचाही उपास होताच की. आख्ख्या कारखान्याला कळलं असणार. जिला कळलं नाही ती गेटवर पेढ्यांचा पुडा धरून उभी होती.

स्टूल आले त्या सकाळी एक बाई बसेचना. एकदम रडू आलं तिला. म्हणाली, ताई, सासरच्या घरातसुद्धा मला कोणी बस म्हटलं नाही. तो क्षण मी विकत घेतला होता खोट्या नाण्यानं, पण तो क्षण खोटा नव्हता. हे दोन्ही एकत्र कसं ठेवायचं ते मला अजून कळलेलं नाही.

वाटलं होतं, आता तरी सभासद वाढतील. चार वाढले. बाकीच्यांना कशाला व्हायचंय? सगळं मिळालंच होतं.

पुढच्या वर्षी कंपनीनं बोर्डाची आख्खी लाइन ठेकेदाराला द्यायचं ठरवलं. कायम बायकांना पॅकिंगला टाकायचं, आणि पॅकिंगला एवढी माणसं कोणालाच नको होती. म्हणजे हळूहळू घरी. आम्ही पत्र दिलं. साहेब या वेळी भेटलेच नाहीत. नसीम म्हणाली, "भेटतील. ताटं!"

मी म्हटलं, "थांब थोडं. घाई नको."

"कशासाठी थांबायचं?"

कशासाठी! मी घरी कॅलेंडरची पानं उलटत होते. त्या वर्षी पुढं अंगारकी नव्हतीच. श्रावण होऊन गेलेला. नवरात्र संपलं होतं. आणि साहेबही आता नवे राहिले नव्हते. मी रोज काहीतरी कारण काढायचे. आधी पगार होऊ दे. आधी इन्स्पेक्शन होऊ दे. एक दिवस नसीमनं माझा दंडच धरला. "रत्ना, तुला भीती वाटते का गं? ज्या बायकांनी तेव्हा केलं त्याच बायका आहेत."

तेव्हा सांगायचं होतं मी. दोन वाक्यांचं काम. पण ती 'तुला भीती वाटते का' म्हणाली ना, त्यानं माझं तोंड बंद झालं. पुढारीण होते ना मी. नसीमनं गेटमीटिंगमध्ये बुधवार जाहीर करून टाकला, आणि मी तिच्या शेजारी उभी राहून टाळ्या वाजवल्या.

बुधवारी कॅन्टीनमध्ये पुरी, बटाट्याची भाजी आणि गुलाबजाम होते. साहेबही शिकले होते.

नसीम दाराशी उभी. पहिल्या चार-पाच जणी तिला बघून घुटमळल्या, मग मान खाली घालून आत शिरल्या. मग रांगच लागली. ताटांचा आवाज माहितीये ना तुम्हाला, एकावरून एक उचलताना होतो तो? तो थांबेचना. मी खिडकीबाहेर होते. नसीम एकेकीला हाक मारत होती. "मंदा, तू? सुनंदा, अगं गेल्या साली तर..." तिला वाटत होतं, आज काहीतरी गैरसमज झालाय, समजावलं की परत फिरतील. सुनंदा म्हणाली, "सोड नसीम, भूक लागलीये." नसीमनं तिचं ताट धरलं. "एक दिवस! फक्त एक दिवस, सुनंदा!" ओढाताणीत ताट उलटलं. भाजी सुपरवायझरच्या शर्टावर, गुलाबजाम फरशीवर. वर कॅमेरा होताच.

दुसऱ्या दिवशी आरोपपत्र आलं. दमदाटी, सहकाऱ्याला जेवण्यापासून बळानं रोखणं, वरिष्ठाशी गैरवर्तन.

अशा वेळी कारखान्यात खातेनिहाय चौकशी होते. कोर्टासारखीच असते. फक्त तिथं बसणाऱ्याचा पगार कंपनी देते. कामगाराला आपल्या बाजूनं बोलायला एक सहकारी घेता येतो. नसीमनं माझं नाव दिलं. दुसरं कोणाचं देणार?

तीन दिवस चौकशी चालली. कायद्याचं जेवढं येत होतं तेवढं मी पणाला लावलं. सुनंदाला उलटतपासणीत विचारलं, तिनं कबूल केलं की नसीमनं मारलं नाही, शिवी दिली नाही. सगळं बरं चाललं होतं. शेवटच्या दिवशी चौकशी अधिकाऱ्यानं एकच गोष्ट मांडली. "गेल्या वर्षी याच बाईंच्या आवाहनाला सगळ्या कामगारांनी स्वखुशीनं साथ दिली. तेव्हा जबरदस्ती झाली नाही. म्हणजे या वेळी पाठिंबा उरलेला नाही हे यांना माहीत होतं. म्हणूनच त्या अडवायच्या तयारीनं दाराशी उभ्या राहिल्या. हे ठरवून केलेलं आहे. यावर तुमचं काय म्हणणं?"

ठरवून केलं की बडतर्फी. रागाच्या भरात, गैरसमजातून झालं की आठ-पंधरा दिवसांचं निलंबन आणि ताकीद. सगळं त्या एका उत्तरावर होतं, आणि उत्तर फक्त माझ्याजवळ होतं. साहेब, पाठिंबा कधी नव्हताच. गेल्या वर्षी अंगारकी होती. तारीख मी काढली, हिला सांगितलं नाही. हिला खरंच वाटत होतं की सगळ्या हिच्या आहेत. फसवलेल्या माणसाला शिक्षा करायची तर फसवणारी ही समोर बसलीये.

नसीम माझ्याकडे बघत होती. तिला खात्री होती की मी काहीतरी कलम काढीन.

माझ्या मनात काय आलं ते सगळं सांगते. हे बोलले तर साहेब म्हणणार, तुमच्या मागं कधी कोणी नव्हतंच. मग बस जाईल, स्टूल जातील. असं वाटलं. पण सही झालेला करार असा एका वाक्यानं जात नाही. मला ते माहीत होतं, मीच तर बाकड्यावर बसून शिकले होते. आणखी एक होतं, तेच खरं असावं. हे बोलले की मी टेबलाच्या अलीकडची पुढारीण राहणार नव्हते. अंगारकीची बाई झाले असते.

मी म्हटलं, "आमचं लेखी म्हणणं आम्ही देऊ."

दिलं. चार पानी. त्यात कलमं सगळी होती.

नसीमला काढलं. आम्ही कोर्टात गेलो. तारखा पडत राहिल्या, तिचा नवरा आजारी पडला, शेवटी तिनं कंपनीनं देऊ केलेलं घेऊन सही केली. बोर्डाची लाइन ठेकेदाराकडे गेलीच. ठेक्यावर आलेल्या मुली आमच्याच स्टुलांवर बसायच्या. कराराप्रमाणे ते स्टूल त्यांचे नव्हते, पण कोण उठवणार? नसीम पिंपळगावला बहिणीजवळ राहायला गेली आणि द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये लागली. मी रिटायर झाले तेव्हा कंपनीनं शाल दिली. युनियननं मानपत्र दिलं. त्यात 'तीनशे कामगारांचा विश्वास संपादन केलेल्या' असं छापलंय. पोरांनी काच लावून भिंतीवर टांगलंय ते.

मागच्या हंगामात मी पिंपळगावला गेले, सांगायला. संक्रांतीनंतरचे दिवस, हायवेला टेम्पोंची रांग. नसीमची दुपारची सुट्टी होती, घर जवळच. केस पांढरे झालेत, पण हात तसेच चपळ. दिवसभर कात्रीनं घडातले खराब मणी कापते. "बसून काम आहे गं," हसत म्हणाली. "इथं खुर्ची मिळते, न मागता."

मी सगळं सांगितलं. तेरा तारीख, शेडमागची खिचडी, दगडूनाना, चौकशीचा शेवटचा दिवस. ती भाकरी थापत होती, थांबली नाही. माझं संपल्यावर तव्यावरची भाकरी उलटली.

"चौथ होती," म्हणाली.

"हो."

"सगळ्यांना माहीत होतं. सुनंदालापण."

"हो."

"मला तेव्हाच सांगितलं असतंस तर मी काही ओरडले नसते, रत्ना. मीच म्हटलं असतं, चांगली आयडिया आहे, अजून एक अंगारकी येऊ दे. वाट बघितली असती." मग थोडं थांबून म्हणाली, "सुनंदाचं ताट तरी नसतं धरलं मी. इतकी वर्षं मला वाटायचं, मीच काहीतरी कमी पडले. मागल्या वेळी जमवलं ते या वेळी का जमलं नाही म्हणून."

मी रडायला लागले. तिनं काही समजूत घातली नाही. ताट घेतलं, भाकरी, मिरचीचा ठेचा, वांग्याची भाजी वाढली आणि माझ्यासमोर ठेवलं.

"जेव. आज उपास नाही ना तुझा?"

नव्हता. चतुर्थी मी त्याच वर्षी सोडली.

"तू?" मी विचारलं. सुट्टीची वीस मिनिटं उरली होती, तिचंही जेवण व्हायचं होतं. चुलीशेजारी दुसरं ताट पालथं पडलेलं मला दिसत होतं.

"तू जेव," ती म्हणाली. "मी तुझ्याबरोबर नाही जेवणार."

आवाजात राग नव्हता. ती भिंतीला टेकून समोर बसली, माझ्या ताटात भाकरी संपली तशी दुसरी वाढली, पाणी दिलं. स्वतः एक घास खाल्ला नाही. भोंगा झाला तशी कात्री पिशवीत टाकून तशीच उपाशी कामावर गेली.

वीस वर्षं मी बहिष्कार पुकारले. पुरता पाळलेला तो एकच पाहिला.